‘हृदयासाठी दोन पेग’ : चालते आणि लागते यांतले अंतर

प्रश्न : माझे वय ५१, पतींचे ५७. आम्ही नाशिकला राहतो. गेल्या वर्षी जिना चढताना छातीत दडपल्यासारखे झाले म्हणून पतींची अँजिओग्राफी केली. एका धमनीत ५० टक्के अडथळा निघाला. स्टेंट बसवावा लागला नाही, परंतु रक्तदाबाची, कोलेस्टेरॉलची आणि रक्त पातळ ठेवणारी अ‍ॅस्पिरिनची गोळी सुरू झाली. पूर्वी ते एखाद्या समारंभात किंवा मित्रांबरोबर क्वचित घेत असत. दिवाळीपासून मात्र रोज रात्री जेवणाआधी दोन पेग व्हिस्की घेतात आणि ‘हे हृदयासाठी आहे’ असे सांगतात. डॉक्टरांनी ‘थोडी चालते’ म्हटल्याचा दाखला देतात. सरकारी परवान्यावरसुद्धा आरोग्यासाठी असेच लिहिलेले असते, असेही ऐकवतात. एक बाटली त्यांना सहा दिवस पुरते. पिऊन ते कधी आवाजही चढवत नाहीत, त्यामुळे घरात तसा त्रास नाही. परंतु गेल्या दोन महिन्यांत तीन-चार वेळा रात्री छातीत धडधड होऊन ते उठून बसले. ताज्या तपासणीत ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक प्रकारची चरबी) २८० आले आहे. आमचे जावई द्राक्षबागायतदार आहेत. ते म्हणतात, व्हिस्कीऐवजी रेड वाइन घ्या, आणि आईंनीही घ्यावी. मी विरोध केला की जुन्या वळणाची ठरते. थोडे मद्य हृदयाला खरोखर चांगले असते का? मी आग्रह धरावा की गप्प बसावे?

उत्तर :

प्रिय ताई,

बाटली किती दिवस पुरते हे तुम्ही आठवणीने लिहिलेत, त्याबद्दल आभार. त्याशिवाय मला पुढचा हिशेब मांडताच आला नसता. तुमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर आधी देते. हृदयाचे रक्षण व्हावे म्हणून मद्य सुरू करा, असे आज एकही प्रमुख हृदयरोग संघटना सांगत नाही. आणि तुमच्या पतींच्या धमनीतला अडथळा, त्यांची औषधे आणि रात्रीची धडधड या गोष्टी एकत्र पाहता त्यांनी रोजची व्हिस्की थांबवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे सविस्तर सांगते, परंतु सुरुवात धडधडीपासून करते, कारण त्याबाबत थांबून चालणार नाही.

मद्यामुळे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडू शकते. एट्रियल फिब्रिलेशन नावाच्या या विकारात वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरत राहतात. ठोके अनियमित पडतात, कप्प्यात साचलेल्या रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो. सुट्टीच्या दिवसांत भरपूर पिऊन नंतर अनियमित ठोक्यांची तक्रार घेऊन रुग्णालयात येणाऱ्यांचे वर्णन अमेरिकेतील डॉ. फिलिप एटिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये केले, आणि ‘हॉलिडे हार्ट’ हे नाव रूढ झाले. मात्र ही केवळ बेसुमार पिणाऱ्यांची व्याधी नाही. युरोपातील १ लाख ७ हजारांहून अधिक लोकांची माहिती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत रोज सुमारे १२ ग्रॅम मद्यार्क, म्हणजे आपल्याकडच्या ‘स्मॉल’ पेगाहून थोडेसेच जास्त, घेणाऱ्यांमध्ये हा धोका न पिणाऱ्यांच्या तुलनेत १६ टक्क्यांनी अधिक आढळला. ऑस्ट्रेलियातील एका चाचणीत हा विकार असलेल्या आणि नियमित पिणाऱ्या १४० जणांपैकी निम्म्यांना मद्य सोडण्यास सांगण्यात आले. सहा महिन्यांत विकार पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण नेहमीप्रमाणे पिणाऱ्यांत ७३ टक्के, तर सोडणाऱ्यांच्या गटात ५३ टक्के राहिले.

तुमच्या पतींना हाच विकार आहे, असे पत्रावरून ठरवता येणार नाही आणि तसे ठरवूही नये. परंतु रात्री मद्य घेतल्यावर येणारी धडधड दिवसा काढलेल्या साध्या ईसीजीत बहुधा सापडत नाही, म्हणून तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे याच आठवड्यात जाऊन चोवीस तास किंवा त्याहून अधिक काळ अंगावर यंत्र लावून ठोके नोंदवणाऱ्या होल्टर तपासणीविषयी विचारा. धडधडीबरोबर छातीत दुखले, श्वास लागला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तोंड वाकडे झाले किंवा हात लुळा पडला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात न्या.

आता ज्या समजुतीवर हे दोन पेग उभे आहेत तिच्याकडे वळू. ती समजूत कोणी बसल्या जागी रचलेली नाही, आणि तुमचे पती काही निराधार बोलत नाहीत, हे त्यांच्याशी बोलताना ध्यानात ठेवा. १९७० च्या दशकापासून अनेक देशांतील पाहण्यांत सारखेच चित्र दिसत होते : अजिबात न पिणाऱ्यांत हृदयविकाराचे प्रमाण थोडे जास्त, थोडे पिणाऱ्यांत कमी आणि भरपूर पिणाऱ्यांत पुन्हा जास्त. १९९१ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात फ्रेंच संशोधक सर्ज रनो यांनी लोणी-चीज भरपूर खाणाऱ्या फ्रेंचांना हृदयविकार कमी का होतो, याचे श्रेय बऱ्याच अंशी वाइनला दिले, आणि अमेरिकेत रेड वाइनचा खप एकदम वाढला. आज आपल्या मोबाइलवर येणारे संदेश त्याच चर्चेची शिळी आवृत्ती आहेत.

पुढे संशोधकांना त्या चित्रात खोट दिसू लागली, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. ‘न पिणारे’ म्हणून ज्यांची नोंद होत होती त्यांत आयुष्यात कधीच न प्यालेले लोक होते, तसेच यकृत बिघडले, छातीत दुखू लागले किंवा डॉक्टरांनी तंबी दिली म्हणून सोडलेलेही होते. ब्रिटनमधील शेपर यांच्या गटाने १९८८ मध्येच हा मुद्दा मांडला. न पिणाऱ्यांच्या रांगेत आजारी माणसे उभी केली, तर त्यांच्याशेजारी थोडे पिणारा धडधाकट दिसणारच. २०२३ मध्ये १०७ अभ्यासांचा, सुमारे ४८ लाख लोकांच्या माहितीचा एकत्र विचार करताना अशा त्रुटी दुरुस्त केल्यावर, थोडे पिणाऱ्यांना मृत्यूपासून मिळणारे म्हणून सांगितले जाणारे संरक्षण संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकले नाही.

दुसरी खोट राहणीमानाची. डेन्मार्कच्या संशोधकांनी सुपरमार्केटमधील ३५ लाख खरेदीच्या पावत्या तपासल्या, तेव्हा वाइन घेणाऱ्यांच्या पिशवीत फळे, भाज्या, ऑलिव्ह आणि कमी चरबीचे चीज जास्त असल्याचे, तर बिअर घेणाऱ्यांच्या पिशवीत चिप्स आणि सॉसेज जास्त असल्याचे आढळले. मग हृदय राखले ते वाइनने की भाजीने? हाच प्रश्न आपल्या घरी उलट्या बाजूने विचारायला हवा. व्हिस्कीबरोबर आपल्याकडे ताटलीत येतात ते खारे दाणे, शेव, फरसाण आणि तळलेले पापड. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या माणसाच्या पोटात रोज रात्री जाणारे हे मीठ आणि तेल कोणत्याही परदेशी पाहणीत मोजलेले नाही, पण तुमच्या स्वयंपाकघरात ते तुम्हाला दिसते.

यातून मार्ग काढणारी जी पद्धत अलीकडे सापडली ती मला अतिशय पटते. काही लोकांत जन्मतःच असे जनुक असते की मद्य घेतले की चेहरा लाल होतो, मळमळते, अस्वस्थ वाटते. हे लोक आयुष्यभर कमी पितात, आणि ते त्यांच्या शिक्षणामुळे, पैशामुळे किंवा आजारपणामुळे नव्हे, केवळ आईवडिलांकडून आलेल्या वारशामुळे. थोडे मद्य हृदय राखत असेल, तर या लोकांना हृदयविकार जास्त व्हायला हवा. २०१४ मध्ये २ लाख ६० हजारांहून अधिक लोकांच्या माहितीवरून असे दिसले की असे एक जनुक असणाऱ्यांत धमन्यांचा हृदयविकार सुमारे १० टक्क्यांनी कमी होता, आणि जे मुळात थोडेच पीत होते त्यांच्यातही हा फायदा दिसला. चीनमधील कडूरी बायोबँकेच्या पाच लाखांहून अधिक लोकांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. तिथेही नुसत्या प्रश्नावलीवरून पाहिले तेव्हा थोडे पिणारे सुरक्षित वाटत होते. जनुकांवरून पाहिले तेव्हा आठवड्याला दर २८० ग्रॅम मद्यार्कामागे गुठळीमुळे होणाऱ्या पक्षाघाताचा धोका सुमारे २७ टक्क्यांनी आणि मेंदूतील रक्तस्रावाचा सुमारे ५८ टक्क्यांनी वाढत होता. हृदयविकाराच्या झटक्याबाबत ठळक नुकसान दिसले नाही, पण फायदाही दिसला नाही. विशेष म्हणजे तीच जनुके असलेल्या चिनी स्त्रियांत, ज्या जवळजवळ पीतच नाहीत, असा कोणताही चढ आढळला नाही. म्हणजे दोष जनुकाचा नव्हता, पेल्यातल्या मद्याचा होता.

आपल्या लोकांपुरते बोलायचे तर ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासातील दक्षिण आशियाई रुग्णांची माहिती २००७ मध्ये वेगळी मांडली गेली. भारतासह या पाच देशांतील लोकांना पहिला झटका सरासरी वयाच्या ५३ व्या वर्षी येत होता, इतरांना ५८ च्या पुढे. आणि इतर ठिकाणी जो थोडाफार ‘फायदा’ मद्याच्या नावावर जमा होत होता, तो आपल्याकडे दिसलाच नाही. भारतातील औद्योगिक वसाहतींतील सुमारे साडेचार हजार पुरुषांच्या २०१० मधील अभ्यासात तर मद्य घेणाऱ्यांतच हृदयविकार जास्त आढळला. परदेशातील आकड्यांच्या भरवशावर इथल्या माणसाने पेला उचलू नये, असे मला यामुळेच वाटते.

निःपक्षपातीपणे हेही सांगायला हवे की तज्ज्ञांत पूर्ण एकमत नाही. वर्ल्ड हार्ट फेडरेशनने २०२२ मध्ये मद्याचे कोणतेही प्रमाण हृदयाला हितकारक नाही अशी भूमिका घेतली; उलट अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींच्या डिसेंबर २०२४ मधील अहवालाने, कधीच न पिणाऱ्यांच्या तुलनेत माफक पिणाऱ्यांत एकूण मृत्यूंचे आणि हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण कमी दिसते, असे नमूद केले. हा वाद निकाली काढू शकेल अशी, लोकांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागणारी एक मोठी चाचणी अमेरिकेत सुरू झाली होती, पण तिचा बराचसा पैसा मद्य कंपन्यांकडून मागून आणल्याचे उघड झाल्यावर ती २०१८ मध्ये बंद करण्यात आली. मात्र अकादमींच्या त्या अहवालानेही कोणाला पिण्याची शिफारस केलेली नाही, आणि त्यातले ‘माफक’ म्हणजे पुरुषासाठी दिवसाला फार तर २८ ग्रॅम मद्यार्क.

आता तुमच्या बाटलीचा हिशेब पाहू. आपल्याकडच्या व्हिस्कीवर मद्यार्काचे प्रमाण ४२.८ टक्के छापलेले असते. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत त्यामुळे सुमारे २५३ ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. ती सहा दिवस पुरते, म्हणजे रोजचे ४२ ग्रॅम, अमेरिकी मापाने पूर्ण तीन पेले. आणि आठवड्याचे २९५ ग्रॅम. चीनच्या अभ्यासातला २८० चा आकडा मी वर मुद्दाम दिला तो याचसाठी. २०१८ मध्ये १९ देशांतील सुमारे सहा लाख पिणाऱ्यांची माहिती एकत्र केली गेली, तेव्हा आठवड्याला १०० ग्रॅमच्या वर गेले की मृत्यूचा धोका चढू लागतो असे दिसले, आणि २०० ते ३५० ग्रॅम घेणाऱ्यांचे आयुष्य चाळिशीपासून मोजले तर एक ते दोन वर्षांनी कमी भरत होते. तुमचे पती खोटे बोलत नाहीत. ते दोनच पेग घेत असतील. पण घरी नजरेने ओतलेला ‘एक पेग’ साठ मिलिलिटरचा किंवा त्याहून मोठा असतो, आणि ‘थोडी’ या शब्दाला माप नसते.

ट्रायग्लिसराइड २८० येण्यामागे हीच व्हिस्की असण्याची दाट शक्यता आहे. मद्यार्काच्या प्रत्येक ग्रॅममध्ये सात कॅलरी असतात आणि यकृत तो आधी हाताळताना चरबी रक्तात सोडत राहते. रोज ४८ ग्रॅम घेणाऱ्यांचा वरचा रक्तदाब न पिणाऱ्यांपेक्षा सरासरी पाच अंकांनी जास्त असतो, असे २०२३ मधील एका मोठ्या विश्लेषणात दिसले आहे. म्हणजे सकाळी गोळीने उतरवलेला रक्तदाब रात्री पुन्हा चढवण्यासारखे हे झाले. अ‍ॅस्पिरिनबरोबर रोज मद्य घेतल्याने जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, तेव्हा शौच काळे डांबरासारखे होऊ लागल्यास ते लपवू नका, असे त्यांना सांगून ठेवा.

जावयांविषयी. द्राक्षे पिकवणाऱ्याला आपल्या मालाचा अभिमान असावा, तो रास्त आहे, आणि २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमधील वाइनविक्रीचा निर्णय झाला तेव्हा दिंडोरी-निफाडच्या बागायतदारांना आशा का वाटली हे मी समजू शकते. परंतु वाइन शेतीमालापासून होते म्हणून तिच्यातला मद्यार्क वेगळा होत नाही. १५० मिलिलिटर वाइनमध्ये साधारण १४ ग्रॅम मद्यार्क असतो आणि शरीर त्याला व्हिस्कीतल्या मद्यार्काप्रमाणेच वागवते. रेड वाइनमधील रेस्व्हेराट्रॉल या ज्या द्रव्याचा गाजावाजा होतो ते पेलाभर वाइनमध्ये अत्यल्प असते, आणि त्यावरचे संशोधन गाजवणाऱ्या कनेक्टिकट विद्यापीठातील एका प्राध्यापकाने आकडे बनवल्याचे विद्यापीठाने २०१२ मध्ये जाहीर केले. मद्याने ‘चांगले’ कोलेस्टेरॉल वाढते हे खरे आहे, परंतु तेच कोलेस्टेरॉल औषधांनी वाढवून पाहिले तेव्हा झटके कमी झाले नाहीत. बागेतली ताजी द्राक्षे जावयांनी अवश्य आणावीत. पतींना मधुमेह नाही ना, एवढे पाहून ती खावीत. तुम्ही स्वतः वाइन सुरू करण्याचे तर काहीच कारण नाही. स्त्रियांत थोड्या मद्यानेही स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, आणि त्याला जुन्या-नव्या वळणाशी काही देणेघेणे नाही.

परवान्याचा मुद्दा तुम्हाला गप्प करण्यासाठी वापरला जातो, म्हणून तोही पाहू. महाराष्ट्रात मद्याचा कायदा मूळचा १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. बंदी हा नियम आणि परवाना हा अपवाद, म्हणून त्या अपवादाला काही कारण लागते, आणि आरोग्य टिकवण्यासाठी अशा अर्थाचे शब्द परवान्यात आले ते त्यातून. ती कायद्याची सोय आहे. कोणत्याही डॉक्टरने तपासून लिहिलेली ती चिठ्ठी नव्हे. डॉक्टरांच्या ‘थोडी चालते’ या शब्दांचेही तसेच. कधीतरी एखाद्या समारंभात घेतली तर चालते, असे बहुधा त्यांना म्हणायचे असेल. चालते आणि लागते यांत फार अंतर आहे, आणि तुमच्या घरात दिवाळीपासून ‘चालते’चे ‘लागते’ होत चालले आहे.

मग बोलायचे कसे? अँजिओग्राफीच्या टेबलावर पडून आलेला माणूस घाबरलेला असतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. तो बोलून दाखवत नाही, पण आपल्या हाती काही उपाय असावा असे त्याला वाटत राहते, आणि ‘हे हृदयासाठी आहे’ या शब्दांत मला तुमच्या पतींची तीच धडपड ऐकू येते. तुम्हा दोघांना त्यांचे हृदय सांभाळायचे आहे. तेव्हा ‘तुम्ही दारू पिता’ असे न म्हणता ‘तुम्ही रात्री उठून बसता तेव्हा मला झोप लागत नाही’ इथून सुरुवात करा. पेला हातात असताना किंवा लेक-जावयांसमोर हा विषय काढू नका. सकाळी चहाच्या वेळी, दोघेच असताना काढा. बाटली लपवणे, पाणी मिसळणे, अबोला धरणे यांतले काहीही करू नका, त्याने फक्त विश्वास जातो.

आणि मागणी एवढीच करा की चार आठवडे अजिबात घ्यायची नाही. या काळात घरच्या यंत्रावर सकाळ-संध्याकाळ रक्तदाब मोजून वहीत लिहावा, धडधड झालेली रात्र नोंदवावी आणि महिन्याच्या शेवटी उपाशीपोटी ट्रायग्लिसराइड पुन्हा तपासावे. ज्यांनी आयुष्यभर हिशेब पाहून निर्णय घेतले त्यांना उपदेशापेक्षा स्वतःचे आकडे लवकर पटतात. संध्याकाळचा तो एक तास रिकामा पडेल, तो कशाने भरायचा हे त्यांनाच ठरवू द्या. गंगापूर रोडला फेरी असो किंवा जेवण तासभर लवकर घेणे असो. एक सावधगिरी मात्र हवी. एखाद्या दिवशी घेतली नाही तर त्यांचे हात थरथरतात का, घाम सुटतो का, रात्रभर झोप लागत नाही का, हे आधी विचारा. तसे होत असेल तर एकदम बंद करणे धोक्याचे ठरू शकते आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावे लागते. चार आठवडे निभावणे त्यांना जमलेच नाही, तर तो त्यांच्या स्वभावाचा दोष समजू नका. पुण्याच्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती संस्थेशी किंवा १४४१६ या टेलि-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या, क्रमांकावर बोलता येते, आणि तिथे तुम्ही एकट्याही बोलू शकता.

तुम्ही विचारले आहे, आग्रह धरावा की गप्प बसावे. आग्रह धरा, पण तो दोन गोष्टींचाच : या आठवड्यात डॉक्टरांची भेट आणि चार आठवड्यांची वही. भेटीला बरोबर जा. तिथे तक्रार मांडल्यासारखे तुम्ही बोलू नका. ‘माझी एक बाटली सहा दिवस पुरते’ हे वाक्य त्यांनी स्वतः डॉक्टरांना सांगावे, एवढे आधी घरी ठरवून घ्या. ‘थोडी चालते’ म्हणताना डॉक्टरांच्या मनात हाच आकडा होता का, ते मग तिथेच कळेल.